‘रिस्क ८७ टक्के’ म्हणजे कशाचे? द्राक्षबागेतल्या हवामान यंत्राचे तीन हंगाम

ऑक्टोबरची अकरा तारीख, पहाटेचे साडेपाच. मोबाईल वाजला आणि स्क्रीनवर लाल पट्टी आली : ‘डाऊनी रिस्क ८७%’. डाऊनी म्हणजे द्राक्षाचा केवडा रोग. बाग पोंग्यात, म्हणजे कोंब फुटायच्या अवस्थेत होती. दादा, म्हणजे माझे सासरे, ओट्यावर चहा पीत बसले होते. त्यांना वाचून दाखवलं.

“सत्त्याऐंशी टक्के कशाचे?” दादांनी विचारलं. “शंभरातली सत्त्याऐंशी पानं जाणार, का शंभरातल्या सत्त्याऐंशी बागा?”

मला सांगता येईना. मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली बाई. लग्नानंतर सतरा वर्षं निफाड तालुक्यात चार एकर द्राक्ष सांभाळतेय, आणि स्वतःच्या पैशांनी घेतलेल्या यंत्राचा पहिला निरोप मला सासऱ्यांना समजावता आला नाही. कंपनीच्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, “ताई, फार विचार नका करू. रेड आलं की मारायचं.”

तर हा लेख त्या यंत्राबद्दल आणि त्याच्याबरोबर मिळणाऱ्या सेवेबद्दल. तीन हंगाम वापरलंय. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्यांच्या एका माणसाने मला रडवलं आणि दुसऱ्या माणसाने सावरलं, त्यामुळे नाव घेऊन शिव्या देणंही बरोबर नाही आणि आरती ओवाळणंही नाही. शिवाय आमच्या पट्ट्यात अशी यंत्रं विकणाऱ्या चार-पाच कंपन्या फिरतात आणि पाहुण्यांकडे, माहेरी जे ऐकते त्यावरून सगळीकडे रड साधारण एकच आहे.

आधी वस्तू काय आहे ते. बागेच्या कोपऱ्यात रोवलेला एक लोखंडी खांब. त्यावर सोलर पॅनल, पाऊस मोजायचं भांडं, वाऱ्याच्या फिरत्या वाट्या आणि पांढऱ्या ताटल्या एकावर एक रचल्यासारखं तापमान-आर्द्रतेचं घर. मातीत दोन खोलींवर ओलावा मोजणारे सेन्सर. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पानाच्या आकाराची एक पातळ पट्टी, जी पान किती वेळ ओलं राहिलं ते मोजते. हे सगळं सिमकार्डावरून कंपनीकडे जातं आणि तिथून ‘आज डाऊनी, उद्या भुरी’ असे इशारे आपल्या मोबाईलवर येतात. आम्हाला बत्तीस हजाराला पडलं, पहिल्या वर्षाची सेवा त्यातच. नंतर वर्षाला साडेपाच हजार.

घेतलं का, तर २०१९ मुळे. त्या दिवाळीत आधी ‘क्यार’ आणि पाठोपाठ ‘महा’, अशी दोन वादळं अरबी समुद्रात उठली. आमच्याकडे वादळ आलं नाही, पाऊस मात्र बसून राहिला. लवकर छाटलेल्या बागा फुलोऱ्यात सापडल्या. घड बोट लावलं की गळायचे. त्या वर्षी आमच्या चारांतला दीड एकर हातात राहिला. त्यानंतर जो कोणी ‘आधी कळेल’ म्हणाला, त्याचं मी ऐकायला तयार होते.

पहिल्या हंगामात लाल पट्टी जवळजवळ रोज. फुलोऱ्यापर्यंत डाऊनीच्या चौदा फवारण्या झाल्या. बांधाला बांध लागून चुलत दिरांची बाग आहे, त्यांच्याकडे यंत्र नाही. त्यांच्या अकरा झाल्या आणि त्यांची पानं आमच्यापेक्षा काही वाईट नव्हती. डिझेल, मजुरी, औषध धरून एकरी एका फवारणीला अडीच-तीन हजार लागतात. चार एकरांचा हिशेब तुम्हीच करा. यंत्राने माझे पैसे वाचवायचे होते!

भानगड दादांच्या लक्षात आली. संध्याकाळी चार वाजता फवारणीचा ब्लोअर फिरला की रात्री आठला मोबाईलवरची पट्टी लाल. ब्लोअर फिरला नाही त्या दिवशी बऱ्याचदा पिवळी. “आपण औषध मारलं की हे बोंबलतं,” दादा म्हणाले. दुसऱ्या दिवशी खांबाजवळ जाऊन बघितलं, तर त्या पानासारख्या पट्टीवर निळसर पांढरा थर बसला होता. दादांनी नखाने खरवडला तर पापुद्रा निघाला. महिनाभराच्या फवाऱ्यांची पावडर होती ती. फवारणीचं पाणी उडालं की पट्टी ओली, आणि थर बसल्यामुळे ती वाळायला पानापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागायचा. मोबाईलवर तेच ‘पान अकरा तास ओलं’ असं दिसायचं.

कंपनीला कळवलं. उत्तर आलं, “अल्गोरिदम आपोआप ॲडजस्ट करतो, ताई.” काय ॲडजस्ट करतो, कसं करतो, काही नाही. मी ओल्या फडक्याने पट्टी पुसायला लागले. आठवड्यातून दोनदा, फवारणी झाली की हमखास. लाल दिवस निम्म्यावर आले. बसवायला आलेल्या माणसाने एवढं एक वाक्य तेव्हाच सांगितलं असतं तर तीस-चाळीस हजार वाचले असते. तो काय सांगून गेला? ॲप कसं उघडायचं आणि गाणं लावतो तसा अलार्मचा आवाज कसा बदलायचा!

दुसऱ्या हंगामाच्या सुरुवातीला कंपनीने आमच्या भागासाठी एक मुलगी नेमली. कृषी पदवीधर, वय असेल पंचवीस. पहिल्याच भेटीत ती ऑफिसात न बोलावता सकाळी सहाला बागेत आली. हातात टिश्यू पेपर. खांबावरची पट्टी आणि आतल्या वेलींची पानं, दोन्हीकडे कागद टेकवून बघितला. पट्टी ओलीचिंब, आतली पानं जेमतेम दमट. तिचं म्हणणं असं, की खांब रस्त्याच्या कडेला, उघड्या आभाळाखाली आहे. उघड्यावरची वस्तू रात्री लवकर गार होते, तिच्यावर दव आधी धरतं. मांडवात, पानांच्या छताखाली दव उशिरा पडतं. “तुम्ही मोजताय ते रस्त्याचं दव आहे, बागेचं नाही,” ती म्हणाली. मग तिने पट्टी काढून मधल्या ओळीत, ओलांड्याच्या (वेलीच्या आडव्या फांदीच्या) थोडं वर, पानांच्याच कलाने तिरकी बांधली. वीस मिनिटांचं काम.

मोजायची जागा एक आणि बाग दुसरीकडे, हा विनोद आमच्याकडे जुनाच आहे. थंडीत ‘निफाडचा पारा उतरला’ म्हणून बातमी येते तो पारा असतो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला. नदीकाठच्या बागेत आणखी गार असतं, टेकाडावरच्या बागेत कमी. पाहुणे पुण्याहून फोन करतात, “शेकोट्या पेटवल्या का?” आपण सांगायचं, आमच्या प्लॉटवर अजून सहा आहे.

तिनेच मला तो सत्त्याऐंशी टक्क्यांचा अर्थ सांगितला, आणि तो ऐकून मी कपाळाला हात लावला. तो शक्यतेचा आकडा नव्हताच. पान किती तास ओलं, तापमान किती, रात्रीची आर्द्रता किती, अशा गोष्टींना गुण देऊन शंभरपैकी बेरीज केली होती. शाळेतल्या मार्कांसारखी. त्याला ‘टक्के’ म्हटल्यामुळे आम्ही दोघं नवरा-बायको आणि एक सासरे वर्षभर वेगवेगळ्या समजुतीत राहिलो. नवऱ्याला वाटायचं, म्हणजे उद्या शंभरातून सत्त्याऐंशी वेळा रोग येणारच. (नवरा ओझरला नोकरीला, बागेत रविवारी येतो आणि सगळ्यात ठाम मतं त्याचीच असतात.)

मॉडेलचं मूळही तिने सांगितलं. युरोपात डाऊनीचा एक जुना ठोकताळा आहे. १९४७ साली बाल्डाची नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने तो मांडला, ‘तीन दहा’ म्हणतात. तापमान किमान १० अंश, फुटवा किमान १० सेंटिमीटर आणि एक-दोन दिवसांत किमान १० मिलिमीटर पाऊस. तिन्ही जुळलं की हंगामातली पहिली लागण होऊ शकते. इटलीत वसंतात थंडी असते, त्यामुळे पहिल्या अटीला तिथे अर्थ आहे. आमच्याकडे ऑक्टोबरात पारा दहाच्या खाली जातो कुठे? ती अट कायमच पुरी. फुटवा छाटणीनंतर पंधरा-अठरा दिवसांत दहा सेंटिमीटर होतोच. म्हणजे तीन कुलपांतली दोन आधीच उघडी. वर आमच्याकडे पाऊस नसला तरी परतीच्या पावसानंतरची धुई आणि दव मिळून पान रात्रभर ओलं ठेवतात, त्याचा त्या ठोकताळ्यात हिशेबच नाही. कंपनीच्या मॉडेलमध्ये हे सगळं बरंच सुधारलेलं आहे असं ती म्हणाली, पण पहिल्या वर्षी ते आमच्या हवेला नीट बसवलेलं नव्हतं. हे तिने मान्य केलं. तीन वर्षांत ‘आमचं चुकलं’ हे वाक्य मी कंपनीकडून तेवढं एकदाच ऐकलं आणि नूतनीकरणाचे पैसे मी त्या वाक्यासाठी भरले असं म्हटलं तरी चालेल.

मग तिने एक काम सुरू केलं, जे कंपनीच्या कुठल्याही पत्रकात नाही. रोज संध्याकाळी सातच्या आसपास आमच्या बावीस शेतकऱ्यांच्या गटावर एक व्हॉइस मेसेज, दीड-दोन मिनिटांचा. एक मी जपून ठेवलाय, त्यातला मजकूर साधारण असा :

“दादा, ताई, नमस्कार. काल रात्री आपल्या चार यंत्रांपैकी तीन ठिकाणी पान सात ते नऊ तास ओलं राहिलं. एका ठिकाणी फक्त तीन तास, ते टेकाडावर आहे. ज्यांच्या बागा पाच-सहा पानांवर आहेत आणि ज्यांनी शनिवारनंतर काही मारलेलं नाही, त्यांनी उद्या दुपारच्या आत मारून घ्या. ज्यांनी काल मारलंय, त्यांनी उद्या थांबा. फुलोरा संपून पुढे गेलेल्यांनी काळजी करू नका, पण फेलफुटी, म्हणजे नको असलेली फूट काढून हवा खेळती ठेवा. पावसाचं मला नक्की सांगता येत नाही, निम्मं-निम्मं धरा. उद्या सकाळी पुन्हा बघून सांगते.”

‘मला नक्की सांगता येत नाही’ हे ऐकलं तेव्हा दादा म्हणाले, “ही पोरगी खरं बोलते.” ॲपने कधी म्हटलं नव्हतं की मला माहीत नाही. ॲपला सगळंच माहीत असतं, दशांश चिन्हासकट.

हवामानाच्या भाषेत मी स्वतः किती आंधळी होते तेही इथे सांगून टाकते. सरकारी अंदाजात ‘तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम स्वरूपाचा पाऊस’ असं येतं. मी आयुष्यभर ‘तुरळक’ म्हणजे भुरभुर, शिंतोडे असं समजत आले. आमच्या गटातल्या बावीसपैकी वीस जण तसंच समजत होते. तिने समजावलं, की ‘तुरळक’ हा शब्द जागेचा आहे, पाण्याचा नाही. त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या ठिकाणांपैकी पाव किंवा त्याहून कमी ठिकाणी पडेल, एवढाच त्याचा अर्थ. आणि ‘मध्यम’ म्हणजे दिवसाला १५.६ ते ६४.४ मिलिमीटर. म्हणजे पडलाच तर साठ मिलिमीटरही पडू शकतो आणि तरी अंदाज बरोबरच ठरतो! फुलोऱ्यातल्या बागेवर साठ मिलिमीटर म्हणजे घडांची गळ-कूज ठरलेली. हे ऐकल्यावर मला २०१९ चे कितीतरी अंदाज आठवले, जे मी ‘तुरळकच आहे’ म्हणून बाजूला सारले होते. चूक अंदाजाची नव्हती, मला तो वाचता येत नव्हता. पण मग एवढी वर्षं कोणी सांगितलं का नाही, हा राग आहेच.

त्याच मुलीने पॅकहाउसच्या, म्हणजे द्राक्षं निवडून पॅक करतात तिथल्या शेडमध्ये एक बैठक घेतली. मला वाटलं प्रोजेक्टर येईल, चकचकीत स्लाइड येतील, शेवटी नवीन प्लॅनची जाहिरात. तिने आणली प्लास्टिकची पारदर्शक पिशवी, ओला कागद आणि आमच्याच बागेतली तेलकट डागांची चार पानं. पानं पिशवीत घातली, कागद ठेवला, तोंड बांधलं आणि पिशवी दादांच्या हातात दिली. “रात्रभर घरात अंधारात ठेवा, सकाळी पानाची खालची बाजू बघा.” सकाळी चारांतल्या तीन पानांना खालून पिठासारखी पांढरी लव आली होती. चौथं पान तसंच. ते चौथं पान डाऊनीचं नव्हतंच, कसल्यातरी औषधाचा चट्टा होता. दादांनी ती पिशवी तीन दिवस येईल त्या पाहुण्याला दाखवली. पंचाहत्तर वर्षांचा माणूस, पन्नास वर्षं केवडा बघतोय (डाऊनीला ते केवडाच म्हणतात), पण जिवंत केवडा आणि मेलेला डाग असा फरक पिशवीत बांधून बघता येतो हे त्यांना कोणी दाखवलं नव्हतं. आता प्रत्येक संशयित पान पिशवीत जातं. फ्रीजवर कायम एखादी पिशवी असते, सासूबाई वैतागल्या आहेत.

बोर्डोची, म्हणजे केवड्यावर मारायच्या मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाची गोष्टही त्याच बैठकीतली. फ्रान्समध्ये बोर्दो भागात रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षं येणारे-जाणारे तोडून खायचे म्हणून शेतकरी त्या ओळींवर मोरचूद आणि चुना शिंपडायचे, निळे डाग बघून चोराने हात लावू नये म्हणून. १८८२ साली मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं, की केवड्याने बाकीच्या वेलींची पानं गळाली तरी रस्त्याकडेच्या वेली हिरव्या आहेत. त्याने विचारपूस केली, प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केलं. दादा म्हणाले, “म्हणजे चोरांचे उपकार.” मग त्यांनीच उठून सगळ्यांना बोर्डो तपासायची त्यांची जुनी रीत दाखवली. मोरचुदाचं आणि चुन्याचं पाणी वेगवेगळं करून तिसऱ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये एकत्र सोडायचं, मग त्यात लोखंडी विळा मिनिटभर बुडवायचा. विळ्यावर तांबूस थर आला तर मिश्रण आम्ल आहे, पानं जळतील, आणखी चुना घालायचा. विळा तसाच निघाला तर फवारायला हरकत नाही. मुलीने लिटमस कागद बुडवून तेच दाखवलं. तांबं लोखंडावर का बसतं ते मी सांगितलं, बी.एस्सी.चा एवढा तरी उपयोग. शेडमध्ये पेठ-सुरगाण्याकडून थिनिंगला (घडांच्या विरळणीला) आलेल्या बायका बसल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीने विचारलं, “मग हाताला काय करतं ते?” त्या दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तो होता. त्या दिवसापासून आमच्याकडे हातमोजे आले. ॲपमध्ये मजुरांसाठी एक ओळही नाही.

आता ॲपचं कौतुक, कारण एक गोष्ट खरोखर चांगली आहे. फवारणीची नोंद केली की ते काढणीची सुरक्षित तारीख दाखवतं. निर्यातीच्या द्राक्षाला कुठलं औषध चालतं आणि शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस थांबायचं याची यादी असते, आमच्याकडे सगळे तिला ‘ॲनेक्शर फाइव्ह’ म्हणतात. ती यादी इंग्रजी तक्त्यांची, बारीक अक्षरांत. आम्ही इतकी वर्षं दुकानदाराला विचारायचो, तो त्याच्याकडे जे शिल्लक असेल त्याचे दिवस कमी सांगायचा. (सगळे नाहीत. पण एकामुळे एका वर्षी आमचा सॅम्पल फेल गेला, माल लोकल बाजारात न्यावा लागला.) ॲपमध्ये औषध निवडलं की ‘१४ फेब्रुवारीनंतर काढा’ असं मराठीत येतं. दादा चष्मा न लावता वाचतात. याला पैकीच्या पैकी.

२०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले होते ते आठवतं? सीसीसीचे, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश निघाले म्हणून. शेंडा रोखायला आपण ते वर्षानुवर्षं मारत होतो. तिकडची मर्यादा तेव्हा किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती. आमच्या गावात कोणाला ‘०.०५’ हा आकडा माहीत नव्हता. तो आकडा युरोपातल्या कायद्यात होता, इथल्या बांधापर्यंत आला तो कंटेनर अडकल्यावर. तेव्हा मी नवीन सून होते, घरात आठवडाभर कोणी धड जेवलं नाही.

तर रेसिड्यूचा, म्हणजे द्राक्षात उरलेल्या औषधांच्या अंशांचा रिपोर्ट. गेल्या वर्षी पॅकहाउसने तो पहिल्यांदा आमच्या हातात दिला. कित्येक पानं, शेकडो औषधांची इंग्रजी नावं आणि जवळजवळ प्रत्येकापुढे ‘बीएलक्यू’. दादांनी विचारलं, “याचा अर्थ विष नाही?” पॅकहाउसचा माणूस म्हणाला, “पास आहे काका.” हे उत्तर नव्हे. शेवटी मीच रात्री बसून त्यांना सांगितलं. बीएलक्यू म्हणजे ‘अजिबात नाही’ असं नव्हे. असेलही, नसेलही, पण भरवशाने आकडा लिहिता येईल त्याच्या खाली आहे, एवढंच. बहुतेक औषधांसाठी ही रेघ किलोला ०.०१ मिलिग्रॅमवर असते. “म्हणजे किती?” मी कागदावर हिशेब मांडला. दहा टनांच्या दहा गाड्या भरून द्राक्षं, त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम. दादा बराच वेळ कागदाकडे बघत होते. मग म्हणाले, “एवढं मोजतात आणि आपल्याला साधं पाऊस पडेल का सांगत नाहीत.”

तक्रारी अजून आहेत, झटपट सांगते. ॲपचं मराठी भाषांतर यंत्राने केल्यासारखं आहे. ‘बहरण्याच्या टप्प्यात आपले पीक संरक्षित करा’ असं आमच्याकडे कोणी बोलत नाही, फुलोरा म्हणा. पावसाळ्यात आठ दिवस ढग राहिले की सोलरची बॅटरी मान टाकते, म्हणजे नेमकं हवं तेव्हा यंत्र झोपलेलं. मातीच्या ओलाव्याचा आलेख मी तीन वर्षांत चार वेळा पाहिला असेल, फावड्याने माती उकरून मूठ वळली की मला कळतं. आणि लाल पट्टीखाली औषधाच्या जाहिराती येऊ लागल्यात. हे मला अजिबात आवडलेलं नाही. भीतीही तुम्हीच दाखवायची आणि औषधही तुम्हीच विकायचं?

फुकटात काय मिळतं हेही सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल यंत्राशिवाय गत्यंतर नाही. पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा हवामानावर आधारित सल्ला दर आठवड्याला येतो. पुढच्या दिवसांची हवा, बाग कुठल्या अवस्थेत असेल, रोग-किडी, पाणी आणि खत असं भागवार, नाशिक वेगळं आणि सांगली-सोलापूर वेगळं. एक पैसा लागत नाही. त्यांचा सल्ला आठवड्याचा आणि जिल्ह्याचा, माझं यंत्र तासाचं आणि प्लॉटचं. मी दोन्ही वाचते आणि दोघांचं जुळलं नाही की चुलत दिरांच्या बांधावर जाऊन बघते. ते अजूनही यंत्राशिवायच आहेत, फक्त आमच्या गटावरचा व्हॉइस मेसेज ऐकतात. हुशार माणूस.

पैशांचं बघितलं तर पहिल्या वर्षी मी तोट्यात, दुसऱ्या वर्षी बरोबरीत. तिसऱ्या वर्षी फुलोऱ्यापर्यंत नऊ फवारण्या झाल्या, पहिल्या वर्षी चौदा होत्या. हवा तिन्ही वर्षी वेगळी होती, त्यामुळे पाचाच्या पाच फवारण्या यंत्राने वाचवल्या असं मी म्हणणार नाही. त्यातल्या दोन फडक्याने वाचवल्या हे नक्की.

घेणार असाल तर बसवायला आलेल्या माणसाला खांब रोवण्याआधी एवढं विचारा : पानाची पट्टी कुठे बांधणार, ती पुसायची कशी, लाल रंगामागचा आकडा कशाचा, आणि संध्याकाळी फोन उचलणारा माणूस कोण. चौथ्या प्रश्नाचं उत्तर ‘टोल फ्री’ आलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

पाचपैकी किती? यंत्राला अडीच, काढणीच्या तारखेच्या सोयीला पाच, त्या मुलीला मी गुण देणारी कोण.

गेल्या आठवड्यात नूतनीकरणासाठी कंपनीचा फोन आला. यंदा नवीन प्लॅन आहे म्हणे, एआयचा, साडेआठ हजार. सगळे सल्ले आपोआप, माणसाची गरजच नाही. मी विचारलं, जुन्या प्लॅनमध्ये संध्याकाळचा व्हॉइस मेसेज राहणार का? पलीकडचा मुलगा गोंधळला. त्याच्या यादीत अशी काही सेवाच नव्हती. साहेबांना विचारून सांगतो म्हणाला.

मी अजून पैसे भरलेले नाहीत. उन्हाळ्यातली खरड छाटणी उरकली की बघू. पट्टी काढून, पुसून, दादांच्या जुन्या मोज्यात घालून कपाटात ठेवली आहे.